चुकून आलेली पाळकबाई

हार पडला तो एसटीच्या कंडक्टरच्या गळ्यात.

त्यात मंडळींचा काही दोष नव्हता. भर उन्हात रस्त्याकडे बघून बघून सगळ्यांचे डोळे शिणले होते. बस थांबली, धुरळा उडाला आणि दारात एक उंचापुरा, मिशाळ, भारदस्त पुरुष उभा दिसला. चर्चचे नवे पाळक असेच असणार हे सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. पंचकमिटीचे सेक्रेटरी लाजरसराव वैरागर लगबगीने पुढे झाले, झेंडूचा जाडजूड हार त्या गळ्यात घातला, आणि गावच्या बँडने एकदम सूर धरला.

"अहो, थांबा, थांबा! मी कंडक्टर आहे," तो बिचारा ओरडला. "मी तिकिटं देतो, पण नेवाशापर्यंतची. स्वर्गाची नाही!"

"मग पाळकसाहेब कुठंयत?"

त्याने अंगठा मागे केला. मागे मी होते. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात पिशवी, ट्रंक अजून टपावर.

लाजरसरावांनी माझ्या खांद्यावरून आत डोकावून पाहिलं. "साहेब मागून येतायत का?"

"कोण साहेब?"

"तुमचे मिस्टर."

"मला मिस्टर नाहीत," मी म्हटलं. "मीच किरण अमोलिक. सलाम."

क्लॅरिनेटवाल्याचा श्वास तिथेच तुटला. वाद्यातून करडू दाबल्यासारखा एक आवाज निघाला आणि मग सगळं शांत झालं. कंडक्टरने हार काढून माझ्या हातात दिला, घंटी मारली आणि बस निघून गेली. माझी ट्रंक टपावरच राहिली. ती दुसऱ्या दिवशी परत आली.

हे गाव पिंपळदरा. नेवाशाच्या अलीकडे, आमच्या मंडळीची चाळीसेक घरं, दगडी चर्च, समोर कडुनिंब. मी नुकतीच सेमिनरीतून, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेतून, बाहेर पडले होते आणि ही माझी पहिलीच नेमणूक. बायकांना पाळक करायला लागून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. शहरात लोक बिचकत होते; पिंपळदऱ्यात तर मला हाक काय मारायची इथूनच पंचाईत होती. पाळकसाहेब म्हणावं तर समोर बाई. पाळकबाई म्हणावं तर तो मान पाळकाच्या बायकोचा, आणि इथे पाळकच नाही. शेवटी पंचकमिटीने ठराव केल्यासारखं 'मॅडम' ठरवलं.

घोटाळा काय झाला होता तो त्याच संध्याकाळी उलगडला. आमच्या सेमिनरीत दोन किरण अमोलिक होते. एक किरण भास्कर, एक मी, किरण बेंजामिन. नात्याचे कोणी नाही. तो किरण म्हणजे देवाने गळ्यात पेटी बसवून पाठवलेला माणूस. ढोलकी घेऊन भजनाला उभा राहिला की बाकावरची म्हातारी माणसंसुद्धा पायाने ताल धरायची. पिंपळदऱ्याच्या मंडळींनी त्याला एका मेळाव्यात ऐकलं होतं आणि तेव्हापासून ऑफिसकडे हट्ट धरला होता, आम्हाला हाच पाळक द्या. ऑफिसने दिलाही. फक्त टायपिस्टने दोघांची नावं 'के. बी. अमोलिक' अशीच मारली आणि गावं अदलाबदल झाली.

मग मी जायला हवं होतं कुठे? जालन्याकडच्या एका मुलींच्या बोर्डिंगात. तिथे आता तो किरण ढोलकीसकट पोचला होता आणि वॉचमनच्या खोलीत झोपत होता, कारण आत पुरुषाला झोपायची परवानगी नव्हती.

हे सगळं मला लाजरसरावांनीच सांगितलं. ते मला लूनावर मागे बसवून तालुक्याच्या एसटीडी बूथवर घेऊन गेले होते आणि तिथून त्यांनी आमच्या विभागाचे अधीक्षक घाटविसावे साहेब यांना फोन लावला होता. मी काचेच्या बाहेर उभी होते तरी ऐकू येत होतं. "नाही हो साहेब, बाई चांगल्या आहेत. पण आम्ही दुसरी चीज मागवली होती."

बाहेर येऊन त्यांनी रुमालाने घाम पुसला. "साहेब म्हणाले, ईस्टरला जीप घेऊन येतो. त्या किरणला आणतो, तुम्हाला घेऊन जातो. तोवर कसंबसं निभवा."

"निभवते," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर मला रडू येत नव्हतं, हसू येत होतं. कारण माझ्या मनात वर्षभर जे चाललं होतं त्यावर ऑफिसने शिक्काच मारला होता.

सेमिनरीत प्रत्येकाकडे पाचारणाची गोष्ट असायची. देवाने आपल्याला कसं बोलावलं त्याची. एकाला अपघातातून वाचताना आवाज आला होता, एकाला स्वप्नात उजेड दिसला होता, त्या किरणला तर डोंगरावर भजन म्हणताना अंगावर काटा आला होता. मी श्रीरामपूरच्या सायकल दुकानदाराची मुलगी. दुपारी घरी मेथी निवडत बसले असताना एकाएकी वाटलं, आपण हेच करायचं. बस. उजेड नाही, आवाज नाही. प्रवेशाच्या मुलाखतीत मी खरं ते सांगितलं तर सगळे परीक्षक हसले. एकाने विचारलं, "जुडी केवढ्याची होती?" तेव्हापासून किडा डोक्यात होता. बोलावलं कुणाला आणि ओ दिली कुणी? आता तर चूक कागदावरच दिसत होती.

पाळकांच्या खोलीचे पत्रे उडाले होते, आणि एकट्या बाईला तिथे ठेवायचं कसं, म्हणून माझी सोय लाजरसरावांच्याच घरी झाली. लाजरसराव जनावरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेले कंपाउंडर. चर्चची घंटा, हजेरी, देणगी, सगळं त्यांच्या अंगावर. त्यांची बायको तबिथाबाई मात्र चर्चला येत नसे.

"तिचे गुडघे दुखतात," लाजरसराव पहिल्याच दिवशी माझ्याकडे न बघता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक कोंबडी तारेच्या कुंपणातून निसटली. तबिथाबाईंनी पदर खोचला, ओढा ओलांडला, बांधावरून उडी मारली आणि तंगडीला धरून तिला परत आणली. मी ओट्यावर बसून चहा पीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं.

"सकाळी बरे असतात," त्या म्हणाल्या.

ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार आला. मी भजन उचललं. माझा आवाज वाईट नाही, पण तो सुरांच्या जवळून जातो, सुरात शिरत नाही. पहिल्या कडव्यात मंडळी माझ्यामागे आली, दुसऱ्यात ती दोन वाटांनी गेली, तिसऱ्यात जो तो आपापल्या घरी पोचला. पुढच्या बाकावरच्या दानिएलमामांनी झावळी तोंडापुढे धरली. ते हसत होते की रडत होते कळलं नाही.

घरी आल्यावर तबिथाबाई म्हणाल्या, "इथपर्यंत ऐकू आलं."

"कसं वाटलं?"

"म्हशीने दूध दिलं नाही."

त्या बाईशी माझं पहिल्यापासून जमलं, ते असं.

दिवस कुरडयांचे होते. गुरुवारी पहाटेपासून तबिथाबाईंनी गव्हाचा चीक शिजायला ठेवला. चीक हाटायला दोन माणसं लागतात, नाहीतर गुठळ्या होतात, म्हणून मी पातेल्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. हात अडकलेले, तोंडं मोकळी.

"काय गं पोरी," त्यांनी एकदम विचारलं, "तुला खरंच देवाने बोलावलंय?"

हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला होता आणि त्याचं पाठ केलेलं एक उत्तर माझ्याकडे होतं. पण वाफेने डोळ्यांत पाणी आलं होतं, दंड भरून आले होते, आणि रविवारी तर मी जाणारच होते.

"माहीत नाही," मी म्हटलं. "टायपिस्टनेही बोलावलं असेल."

त्या हाटायच्या थांबल्या. मग हसायला लागल्या. पदर तोंडात कोंबून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. चीक खाली लागायला लागला तेव्हा कुठे भानावर आल्या.

"माहीत नाही म्हणणारा पाळक मी पहिल्यांदाच बघतेय," त्या म्हणाल्या. "इतके आले, सगळ्यांना सगळं माहीत असायचं."

कुरडया घालायला आम्ही बाहेर खाटेवर धोतर पसरलं. सोऱ्यातून त्या गोल गोल वेढे काढत होत्या आणि मी कडा सावरत होते. माझ्याकडे न पाहता त्यांनी सांगितलं. त्यांना एक मुलगी होती. शाळेत जायची, चुरूचुरू बोलायची. ताप आला, उतरला, परत आला, आणि बैलगाडीने तालुक्याला पोचेपर्यंत संपलं. तेव्हाचे पाळक अंगणात येऊन बसले. म्हणाले, देवाला त्याच्या बागेत एक फूल हवं होतं.

"मी म्हटलं, का? त्याच्याकडे फुलं कमी पडली होती? माझ्याकडे एकच होतं." सोऱ्या जोरात दाबला गेला. "आणि आमचे हे बाजूला बसून म्हणाले, आमेन."

वेढा पुरा करून त्या म्हणाल्या, "त्या दिवसापासून माझे गुडघे दुखतात."

मी एका कुरडईची सुटलेली कड सावरली.

"तू शिकलेली आहेस. तू सांग. का नेलं?"

"विचार करून सांगते," मी म्हटलं. म्हणताना मलाच लाज वाटली.

"सांग. रविवारपर्यंत आहेसच."

दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. येशूने वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांवर त्या दिवशी सातजण बोलतात, बारा ते तीन. पंचकमिटीने उद्गार वाटून घेतले होते. क्षमेचा पहिला दानिएलमामांनी घेतला, कारण त्यावर त्यांचं भाषण तयार होतं आणि ते दरवर्षी तेच करत. शेवटचा, आत्मा पित्याच्या हाती सोपवण्याचा, तो लाजरसरावांचा. कुणालाच नको असलेला चौथा मला आला. चौथा म्हणजे ज्यात येशू देवालाच विचारतो की तू मला का सोडलंस. तो समजवायला अवघड, आणि तो येतो बरोबर ऊन तापून मंडळी पेंगायच्या वेळेला.

माझी तयारी होती. सेमिनरीत या उद्गारावर आम्हाला चांगलं तीन भागांत शिकवलं होतं. मी उभी राहिले. पहिला भाग सुरू केला. दुसऱ्या बाकावर कोणीतरी घोरत होतं.

तेवढ्यात दारात सावली पडली. तबिथाबाई. हातात लाजरसरावांचा चष्मा. ते तो घरी विसरले होते आणि चष्म्याशिवाय त्यांना शेवटचा उद्गार वाचता येणार नव्हता. त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या आणि कोणाच्या हाती चष्मा पाठवावा म्हणून आत बघू लागल्या. बघता बघता त्यांची नजर माझ्यावर आली.

माझ्या कागदावर पुढचं वाक्य होतं, 'याचं कारण अगदी स्पष्ट आहे.' ते मला वाचता येईना. ओठांपर्यंत यायचं आणि परत जायचं. चर्चमध्ये फक्त झावळीच्या पंख्यांचा आवाज.

मी कागद खाली ठेवला.

"त्याने विचारलं, का सोडलंस," मी म्हटलं. "तिथे त्याला उत्तर मिळालं नाही. आभाळातून आवाज आला नाही, काही नाही. देवाच्या मुलाला मिळालं नाही. मलाही माहीत नाही." मग मला आणखी एकच गोष्ट म्हणता आली. "पण त्याने विचारलं देवालाच. पाठ फिरवून नाही विचारलं. रागातसुद्धा हाक त्यालाच मारली."

आणि मी खाली बसले.

खळबळ उडाली. "मॅडम विसरल्या," कोणीतरी कुजबुजलं. दानिएलमामा माझ्याकडे झुकून मदत करू लागले, "पापांमुळे... आपल्या पापांमुळे, असं म्हणा, पुढे आठवेल." एका बाईने पाण्याचा तांब्या पाठवला. घोरणाराही जागा झाला आणि काय झालं म्हणून विचारू लागला. पाचव्या उद्गाराचा वक्ता घाईघाईने उठला आणि इतक्या मोठ्याने बोलू लागला, जणू माझी भरपाई त्यालाच करायची होती.

मी मान वर करून दाराकडे पाहिलं. तबिथाबाई गेल्या नव्हत्या. उंबऱ्यावर बसल्या होत्या, चष्मा मांडीवर धरून, पाय बाहेर, तोंड आत.

लाजरसरावांनाही त्या दिसल्या. ते जागचे हलले नाहीत. त्यांची पाळी आली तेव्हा ते चष्म्याशिवायच उभे राहिले. पवित्र शास्त्र उघडलं, डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं आणि मिटून ठेवलं. मग तोंडपाठ बोलायला गेले ते सातव्यातून पहिल्यात शिरले, तिथून तिसऱ्यात आणि मध्येच गव्हाच्या दाण्यावर काहीतरी. कुणाला काही कळलं नाही. पण चष्मा मागायला ते दारापर्यंत गेले नाहीत. गेले असते तर त्या उठून निघून गेल्या असत्या.

शनिवारी पंचकमिटी कडुनिंबाखाली भरली होती. मी विहिरीवरून येताना दानिएलमामांचा आवाज ऐकला. "प्रश्न विचारून खाली बसते! प्रश्न तर आपल्याकडे आहेतच की!" मी घरी जाऊन ट्रंक भरली. मनावरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं. माझी शंका खरी ठरली होती, गावाने ती मान्य केली होती, उद्या सगळं जागच्या जागी जाणार होतं. फक्त जेवण गेलं नाही.

ईस्टरला सकाळी जीप आली. घाटविसावे साहेब उतरले, पाठोपाठ ढोलकी घेऊन तो किरण. तो गायला, आणि काय गायला! छपरावरच्या पारव्यांनीसुद्धा जागा सोडली नाही. क्लॅरिनेटवाला आठवड्याभरात पहिल्यांदा हसला. मीसुद्धा टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून.

उपासना संपली आणि सगळे कडुनिंबाखाली आले. किरण माझ्या कानाशी लागला. "तुला एक सांगू? बोर्डिंगातल्या पोरी ढोलकी शिकतायत. काल एक मला म्हणाली, सर, तुम्ही गेलात तर आम्ही जेवणार नाही. मला यायचं नव्हतं."

"मग का आलास?"

"मला वाटलं, तुला तिथे जायचं असेल."

साहेबांनी घसा साफ केला. "मंडळी, ऑफिसकडून चूक झाली. आज ती दुरुस्त करतो. सेक्रेटरी, तुमचे दोन शब्द."

लाजरसराव उभे राहिले. बराच वेळ टोपीची घडी घालत, उलगडत राहिले.

"साहेब, चूक नक्की कुणाची?"

"टायपिस्टची."

"त्यांना माझा सलाम सांगा," लाजरसराव म्हणाले, "आणि ही चूक तशीच राहू द्या."

"अहो लाजरस!" दानिएलमामा उठले. "आणि गाणं?"

"गाणं आपण गाऊ मामा. इतकी वर्षं गातोयच की." त्यांनी टोपी खिशात कोंबली. "इतकी वर्षं मी त्या बाकावर एकटा बसतो. जोडप्यांसाठी प्रार्थना झाली की मी खाली बघतो. परवा आम्ही दोघं एका उपासनेला बसलो. ती उंबऱ्यावर, मी आत, पण बसलो. आता ह्या बाईंना जीपमध्ये घालून पाठवून द्यायचं असेल तर माझा सेक्रेटरीपणाही त्याच जीपमध्ये घाला."

दानिएलमामा हळूच खाली बसले. मग त्यांनी नाक शिंकरलं आणि म्हणाले, "तबिथा आली होती? मला वाटलं, चष्माच आला."

साहेब माझ्याकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

"साहेब, मला अजून खात्री नाही," मी म्हटलं. सगळ्यांसमोर. "मला देवाने पाठवलं की टायपिस्टने."

घाटविसावे साहेब कडक माणूस, सहसा हसत नसत. त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, मी पुढच्या वर्षी रिटायर होतो. मला कुणी पाठवलं ते मी अजून शोधतोय. दर रविवारी सकाळी वाटतं, आज सगळ्यांना कळणार. मग घंटा होते आणि मी उठून जातो. तुम्ही राहताय की येताय, तेवढं सांगा. ऊन वाढतंय."

आवाज आला नाही. उजेड होता तो नुसता चैत्राच्या उन्हाचा. पण जीपकडे जायला माझे पाय काही हलेनात.

"राहते," मी म्हटलं.

त्या किरणने तिथल्या तिथे ढोलकीवर थाप मारली. तो परत बोर्डिंगात गेला आणि पुढे तिथेच त्याचं आयुष्य गेलं. पोरी जेवल्या.

संध्याकाळी तबिथाबाईंनी माझी ट्रंक स्वतः उचलून आत ठेवली. "तू राहिलीस म्हणून मी रोज देवळात येईन असं समजू नकोस," त्यांनी बजावलं. मी तसं समजले नाही. त्या आल्याही नाहीत. कधी चर्चच्या अंगणापर्यंत यायच्या, कधी उंबऱ्यावर टेकायच्या आणि उपदेश लांबला तर उठून म्हशीकडे जायच्या. मी त्यावरून उपदेश केवढा करायचा ते शिकले.

त्या वर्षी जुलैत एका रविवारी, नेहमीप्रमाणे प्रार्थनेआधी मी विचारलं, कुणासाठी प्रार्थना करायची आहे का? कुणी आजाऱ्याचं नाव सांगितलं, कुणी परीक्षेचं, दानिएलमामांनी बोअरच्या पाण्याचं. मी डोळे मिटणार तेवढ्यात दारातून आवाज आला.

"माझ्या रिबेकाचं नाव घे."

सगळ्या माना मागे वळल्या. तबिथाबाई उभ्या होत्या, उंबऱ्याच्या आत.

"काही मागू नकोस," त्या म्हणाल्या. "काही समजावूही नकोस. नुसतं नाव घे."

मी घेतलं. आमेन म्हणायच्या वेळी लाजरसराव गप्प होते. आधी तबिथाबाईंनी म्हटलं, मग त्यांनी.